मॉन्सन ते कटाडिन : शंभर मैलांचं रान आणि शेवटचा डोंगर

कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या कटाडिनची साधारण १,६०६. म्हणजे आपली कळसूबाई चाळीस मीटरनं उंच. पण हा आकडा पाहून कटाडिनचा अंदाज बांधला तर चुकतो. त्याचा पायथा जेमतेम ३३० मीटरवर आहे, त्यामुळे शेवटच्या दिवशी १,२७५ मीटरचा चढ आणि तेवढाच उतार एकाच दमात पडतो. डोंगर उत्तरेकडे इतका दूर आहे की अकराशे मीटरच्या आसपास झाडं संपतात. पुढे नुसता कातळ, वारा आणि ढग.

जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर डोंगरापासून निघालेली ॲपलाचियन ट्रेल चौदा राज्यांतून सुमारे ३,५०० किलोमीटर चालून इथे संपते. मार्च-एप्रिलमध्ये दक्षिणेकडून निघालेली माणसं सप्टेंबरात इथे पोहोचतात. सगळी ट्रेल करणं नोकरी-संसारात बहुतेकांना जमत नाही, पण शेवटचे १८५ किलोमीटर दोन आठवड्यांच्या रजेत बसतात. बॉस्टन, न्यू जर्सीकडच्या आणि सह्याद्रीत पाय मुरलेल्या मराठी ट्रेकरांसाठी हा तुकडा फार चांगला आहे. खालचा हिशोब बारा दिवसांचा आहे: अकरा चालायचे आणि एक राखून ठेवायचा. तो राखीव दिवस कशासाठी, ते शेवटी कळेल. तोवर तो खर्च होऊ द्यायचा नाही.

निघण्याआधी : मॉन्सन

मॉन्सन हे तळ्याकाठचं लहान गाव, एकेकाळी पाटीच्या दगडाच्या खाणींसाठी नावाजलेलं. इथे ट्रेलचं माहिती केंद्र आहे. पुढे कटाडिनवर लागणाऱ्या परवान्याची, नद्यांच्या पाण्याची आणि मुक्कामांची ताजी खबर इथे मिळते. ती न घेता पुढे जाऊ नये.

गावाबाहेर १५ नंबरच्या रस्त्यावरून ट्रेल जंगलात शिरते, तिथे एक पाटी आहे: किमान दहा दिवसांचं सामान आणि पुरेशी साधनं नसतील तर या टप्प्यात शिरू नका. यालाच ‘हंड्रेड-माइल विल्डरनेस’ म्हणतात. मॉन्सनपासून एबॉल ब्रिजपर्यंत सुमारे १६० किलोमीटर, आणि मध्ये एकही गाव नाही. नाव ‘रान’ असलं तरी लाकूडतोडीचे कच्चे रस्ते याला अनेक ठिकाणी छेदतात. त्यामुळे मॉन्सन किंवा कटाडिनजवळच्या मिलिनॉकेट गावातली वसतिगृहं पैसे घेऊन एखाद्या कच्च्या रस्त्यापाशी अन्नाची बादली पोहोचवतात. सह्याद्रीतून थेट इथे येणाऱ्यानं ही सोय जरूर घ्यावी. पाच महिने चाललेली माणसं हे अंतर सहा-सात दिवसांत कापतात, पण त्यांच्या पायांची बरोबरी ताज्या पायांनी करू नये.

अन्नाचं गणित असं: माणशी रोज ८०० ग्रॅम कोरडं अन्न आणि त्यातून किमान ३,५०० कॅलरी. म्हणजे ग्रॅममागे जवळजवळ साडेचार कॅलरी यायला हव्यात. नुसत्या पोह्या-नूडल्सनं तो आकडा गाठता येत नाही, चरबी लागतेच. शेंगदाण्याची चिक्की, दाण्याचा लाडू, सुकं खोबरं आणि तुपाची घट्ट झाकणाची बाटली हे आपलं सामान इथे उत्तम चालतं. शंभर ग्रॅम तुपात जवळजवळ नऊशे कॅलरी असतात. संध्याकाळच्या खिचडीत दोन चमचे टाकलं की रात्रीची थंडी सोसवते. पातळ पोहे, मेतकूट, मीठ-साखर आणि दुधाची भुकटी घरीच एकेका पिशवीत भरून न्यावी. सकाळी गार पाणी ओतलं की न्याहारी तयार, गॅस लागत नाही.

गॅसचंही मोजून ठेवावं. अर्धा लिटर पाणी उकळायला साधारण ८ ग्रॅम गॅस जातो, वारा असेल तर जास्त. रोज संध्याकाळी एक लिटर उकळलं तर २३० ग्रॅमचा एक डबा बारा दिवस पुरून थोडा उरतो. सकाळचा चहाही हवा असेल तर तोच डबा नवव्या-दहाव्या दिवशी संपतो, नेमका जिथे सगळ्यांत जास्त थंडी असते तिथे.

सॅकच्या वरच्या पावसाळी कव्हरवर विसंबू नका. इथे नद्या चालून ओलांडायच्या आहेत. आत मोठी जाड प्लास्टिक पिशवी लावून झोपायची पिशवी आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड त्यात बांधून ठेवावा. तो जोड फक्त झोपताना घालायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी ओले कपडे अंगावर चढवणं जिवावर येतं, पण चढवावेत. कोरडे कपडे चालताना भिजवले की रात्री उबेला काही उरत नाही.

दिवस १ : मॉन्सन – विल्सन व्हॅली शेल्टर (सुमारे १७ किमी)

नकाशावर हा दिवस सपाट दिसतो. प्रत्यक्षात लहान-लहान टेपाडं, पाटीदगडाच्या धारदार पट्ट्या आणि झाडांच्या मुळांचं जाळं. आपल्याकडे कातळावर पाय रोवून चालायची सवय असते. इथलं ओलं मूळ साबणासारखं असतं. त्यावर पाय देऊ नये, ओलांडून पुढे टाकावा. दलदलीवर अर्धे चिरलेले ओंडके टाकलेले आहेत, त्यांच्यावर पाय आडवा न टाकता सरळ टाकावा. या टप्प्यात माणसं घायाळ होतात ती बहुतेक अशाच ठिकाणी, कड्यावर नाही.

वाट दाखवायला झाडांवर दोन इंच रुंद, सहा इंच उंच पांढरे पट्टे रंगवलेले आहेत. निळे पट्टे म्हणजे फाटा: पाणी, शेल्टर किंवा एखादं दृश्य. दोन पांढरे पट्टे एकावर एक दिसले तर पुढे वळण आहे, थांबून बघावं.

लिटल विल्सन धबधबा सुमारे १८ मीटरचा, पाटीदगडाच्या पायऱ्यांवरून पडणारा. तिथून पुढे आधी लिटल विल्सन आणि मग बिग विल्सन हे ओढे पाण्यात उतरून ओलांडायचे. ऑगस्टमध्ये गुडघ्याखाली असतात. रात्रभर पाऊस झाला असेल तर बिग विल्सन कमरेला येतो.

ओढा ओलांडायची रीत एकदाच सांगून ठेवतो, कारण पुढे ती अनेकदा लागेल. बूट काढू नयेत, अनवाणी पाय घसरतो आणि दगडात अडकतो. मोजे काढून ठेवावेत, ते ओले झाले की फोड येतात. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडावा. पडलात तर सॅक टाकता आली पाहिजे, नाहीतर तीच पाण्याखाली दाबून धरते. तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला, दोन्ही काठ्या पुढे रोवलेल्या, एका वेळी एकच पाय उचलायचा. दोर बांधलेला दिसला तर त्याच्या खालच्या अंगानं जावं, म्हणजे पाण्यानं ढकललं तरी दोरात गुंतणार नाही. आणि पाणी मांडीच्या वर, गढूळ आणि आवाज करणारं असेल तर ओलांडू नये. हे ओढे लहान खोऱ्यांचे आहेत, पाऊस थांबल्यावर काही तासांतच उतरतात. काठावर तंबू टाकून सकाळची वाट बघणं हाच शहाणपणा. एका दिवसाचं अन्न जादा न्यायचं ते यासाठी.

मालगाडीचे रूळ ओलांडून विल्सन व्हॅलीचं शेल्टर येतं. ही शेल्टरं तीन भिंतींची, पुढून उघडी. पाचसहा जण आडवे होऊ शकतात. उंदीर ठरलेलेच, त्यामुळे अन्न सॅकमध्ये ठेवून झोपू नये. काळी अस्वलं आहेत. अन्न झाडाच्या फांदीवर टांगावं किंवा अस्वलरोधक डब्यात ठेवावं.

दिवस २ : विल्सन व्हॅली – क्लाउड पाँड (१४ किमी)

लाँग पाँड स्ट्रीम हा ओढा ओलांडला की बॅरन डोंगराचा चढ सुरू होतो. ओढ्यापासून माथ्यापर्यंत सहाशे मीटरांच्या आसपास. वळणं घेत चढणारी वाट इथे क्वचितच असते. मेनमधल्या वाटा जुन्या, सरळ नाकासमोर चढणाऱ्या. माथ्यावर जुन्या वणवा-टेहळणीच्या मनोऱ्याचा सांगाडा आहे. त्याआधी बॅरन लेजेसवर उघडा कातळ आहे, दुपारचं जेवण तिथेच उरकावं, पुढे जागा नाही.

क्लाउड पाँडचं शेल्टर मुख्य वाटेपासून सहाशे-सातशे मीटर आत आहे. दमलेल्या माणसाला तेवढंही नको वाटतं आणि तो पुढच्या शेल्टरकडे निघतो. तसं करू नये. पुढचे अकरा किलोमीटर संपूर्ण टप्प्यातले सगळ्यांत संथ आहेत.

दिवस ३ : क्लाउड पाँड – चेअरबॅक गॅप (११ किमी)

अकरा किलोमीटर, आणि दिवस पुरतो न पुरतो. फोर्थ माउंटन, मग ‘थ्री अँड अ हाफ’ नावाचं टेपाड, थर्ड माउंटन, कोलंबस. एकही डोंगर मोठा नाही, पण चढलेलं सगळं लगेच उतरायचं आणि पुन्हा चढायचं. खिंडींमध्ये दलदल. ताशी दीड-दोन किलोमीटरचा वेग धरावा. मॉन्सनमध्ये बसून ‘रोज वीस’ असा बेत आखलेले लोक इथे एक अख्खा दिवस मागे पडतात, तो भरून काढायला पुढच्या सपाटीवर धावतात आणि गुडघा किंवा नडगी दुखावून बसतात. बेत आखताना हा दिवस अकराचाच धरावा.

दिवस ४ : चेअरबॅक गॅप – कार्ल न्यूहॉल शेल्टर (१६ किमी)

चेअरबॅकच्या माथ्यावरून उत्तरेला व्हाइट कॅपची रांग समोर दिसते. उतरताना सैल दगडांचा एक टप्पा आहे, तिथे काठ्या मिटवून हात वापरावेत आणि वरच्या माणसानं खालच्याला बाजूला होऊ द्यावं.

खाली लोखंडाच्या जुन्या कारखान्याच्या नावानं ओळखला जाणारा रस्ता लागतो. कटाडिन आयर्न वर्क्स एकोणिसाव्या शतकात चालू होतं, भट्टी अजून उभी आहे, पण ती ट्रेलपासून दूर. त्यानंतर प्लेझंट नदीची पश्चिम शाखा. पात्र पन्नासेक मीटर रुंद, एरवी पाणी गुडघ्यापर्यंत. तळाचे गोटे गोल आणि शेवाळी असल्यानं इथे घाई नडते.

पलीकडे हर्मिटेज: पांढऱ्या पाइनची जुनी झाडं, कुऱ्हाडीतून वाचलेली, काही चाळीस मीटरच्या जवळपास उंच. मेनमधलं बाकी जवळजवळ सगळं जंगल एकदा तरी तोडलं गेलेलं आहे. इथे उभं राहिलं की आधी काय होतं याचा अंदाज येतो. दहा मिनिटं सॅक उतरवून बसावं अशी ही जागा.

इथून गल्फ हॅगसचा फाटा फुटतो. पाटीदगडात कोरलेली अरुंद घळ, एकामागून एक धबधबे. पूर्ण फेरीला अर्धा दिवस जातो. आमचं मत: बारा दिवसांच्या बेतात पूर्ण फेरी करू नये, स्क्रू ऑगर धबधब्यापर्यंत जाऊन परत फिरावं. तो फाट्यापासून जवळ आहे आणि घळीची कल्पना तेवढ्यात येते.

दिवस ५ : न्यूहॉल – व्हाइट कॅप – ईस्ट ब्रँच (साडेसतरा किमी)

चार माथे: गल्फ हॅगस माउंटन, वेस्ट पीक, हे माउंटन आणि व्हाइट कॅप (१,११४ मीटर). आदल्या रात्रीच पाणी भरून घ्यावं, धारेवर ते तुटक मिळतं. व्हाइट कॅपवर पोहोचताना झाडं खुजी होतात आणि माथ्यापलीकडच्या उघड्या दगडांवरून, हवा स्वच्छ असेल तर, उत्तरेला कटाडिन दिसतो. वाटेनं तो अजून सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर दूर असतो. भोवतीच्या सपाट जंगलातून एकटाच वर आलेला, रांगेत न उभा राहिलेला डोंगर. इथल्या मूळ रहिवासी पेनॉबस्कॉट लोकांच्या भाषेत कटाडिन म्हणजे सगळ्यांत मोठा डोंगर, आणि इथून पाहताना ते नाव का पडलं हे सांगावं लागत नाही.

उतार दगडी पायऱ्यांचा. या पायऱ्या ट्रेल सांभाळणाऱ्या लोकांनी तिथलेच दगड सरकवून बसवलेल्या आहेत. गुडघ्यांना जड जातं, पण नसत्या तर ही वाट पावसात वाहून गेली असती.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात रात्रीचं तापमान इथे शून्याजवळ जातं. पाण्याचा पोकळ-तंतूंचा फिल्टर एकदा गोठला की आतून फुटतो आणि वरून काही कळत नाही. रात्री तो छोट्या पिशवीत घालून झोपायच्या पिशवीत घ्यावा. पाणी कितीही नितळ दिसलं तरी गाळूनच प्यावं. पाण्याला बांध घालणारे बीव्हर प्रत्येक ओढ्यावर आहेत आणि त्यांच्याबरोबर पोट बिघडवणारा जिआर्डिया हा परजीवीही.

दिवस ६ : ईस्ट ब्रँच – अँटलर्स (सुमारे २५ किमी)

शेल्टरजवळच प्लेझंटची पूर्व शाखा ओलांडायची, मग लिटल बोर्डमनचा हलका चढ, आणि त्यानंतर सुटका. वाट कूपर ब्रुकच्या काठानं जवळजवळ सपाट जाते. कूपर ब्रुक फॉल्सच्या शेल्टरसमोर धबधबा आणि डोह आहे. ऊन असेल तर अंघोळ इथेच करावी, पुढच्या तळ्यांत जळवा असतात. जो-मेरी रस्ता हे अन्नाची बादली घ्यायचं सोयीचं ठिकाण. वेळ आधी ठरवलेली असते, ती चुकवू नये.

अँटलर्स हा तळ्यात शिरलेल्या जमिनीच्या जिभेवरचा मुक्काम. लाल पाइनच्या झाडांखाली सुयांची गादी, तिन्ही बाजूंनी पाणी. इथे शेल्टर नाही, तंबू हवा. रात्री लून पक्ष्याची हाक ऐकू येते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कोणी माणूस मदतीसाठी ओरडतोय असं वाटतं.

दिवस ७ : अँटलर्स – वॉडली स्ट्रीम (२३ किमी)

पोटेवॉजोचा झरा वाटेत लागतो. चार-पाच मीटर रुंद, गार, तळातून उकळल्यासारखा वर येणारा. अख्ख्या टप्प्यातलं सगळ्यांत चांगलं पाणी. पुढे पेमडमकुक तळ्याच्या काठाला एक छोटा फाटा जातो. तिथून पाण्यापलीकडे कटाडिन पुन्हा दिसतो, आता दुप्पट मोठा. बाकी दिवस मुळ्या, मुळ्या आणि मुळ्या. मूस (अजस्र हरीण) दिसायची शक्यता पहाटे दलदलीजवळ. त्याच्यापासून अंतर राखावं, आश्विनाच्या सुमारास नर माजावर असतात.

दिवस ८ : वॉडली – रेनबो स्ट्रीम (१३ किमी)

नेसुंटाबंट चढायला छोटा आणि खडा. उंची ४६३ मीटर, पण कड्यावरून खाली नाहमाकांटा तळं आणि सरळ रेषेत २६ किलोमीटरवर कटाडिन. वाटेनं अजून ५५ च्या वर. पॉलीवॉगची घळ वरून पाहत वाट लाकूडतोडीच्या पुलावर येते. रेनबो स्ट्रीम शेल्टरसमोरच ओंडक्यांवरून ओलांडायचा.

इथे अन्नाची पिशवी रिकामी करून मोजावी. अजून चार दिवस निघायला हवेत. कमी असेल तर एबॉलच्या दुकानात मिळेल, पण तिथे किमती चढ्या आणि निवड थोडी.

दिवस ९ : रेनबो – हर्ड ब्रुक (साडेअठरा किमी)

रेनबो तळ्याच्या कडेनं बराच वेळ चालायचं, मग रेनबो लेजेसचा उघडा कातळ. ऑगस्टमध्ये इथे रानटी ब्लूबेरी लगडलेल्या असतात. कटाडिन आता समोर भिंतीसारखा. हर्ड ब्रुकच्या शेल्टरची जमीन फळ्यांची नाही, गोल काठ्या शेजारी-शेजारी ठोकलेल्या आहेत. पातळ चटई असेल तर बाहेर तंबू टाकलेला बरा.

दिवस १० : हर्ड ब्रुक – एबॉल ब्रिज – कटाडिन स्ट्रीम (साडेएकवीस किमी)

साडेपाच किलोमीटरवर एबॉल ब्रिज. पेनॉबस्कॉट नदीच्या पश्चिम शाखेवरच्या या पुलावरून कटाडिन पूर्ण दिसतो, पायथ्यापासून माथ्यापर्यंत. दुकान, खासगी कॅम्पिंग आणि पुलापलीकडे बॅक्सटर स्टेट पार्कची हद्द.

हद्दीवरच्या फलकाजवळ ‘द बर्चेस’ या मुक्कामासाठी नाव लिहायचं. फक्त बारा जागा, पायी शंभर मैल चालून आलेल्यांसाठी, एका रात्रीपुरत्या. म्हणून हर्ड ब्रुकहून पहाटे निघावं. बारा नावं भरलेली असतील तर त्या दिवशी आत शिरण्यात अर्थ नाही. एबॉललाच थांबावं. पार्कमध्ये वाटेत कुठेही तंबू टाकता येत नाही. शुल्क रोखीनं द्यावं लागतं, सॅकच्या तळाशी थोडे डॉलर हवेतच.

या पार्कचे नियम कडक आहेत आणि त्याला कारण आहे. पर्सिव्हल बॅक्सटर १९२१ ते १९२५ मेनचा गव्हर्नर होता. हा डोंगर राज्यानं घ्यावा म्हणून त्यानं खटपट केली, विधिमंडळानं ऐकलं नाही. मग त्यानं स्वतःच्या पैशानं १९३० मध्ये कटाडिनसकट सुमारे सहा हजार एकर विकत घेतले आणि पुढची तीस वर्षं तुकड्या-तुकड्यांनी जमीन घेत राहिला. १९६२ पर्यंत दोन लाखांवर एकर त्यानं राज्याला दिले, कायम रान म्हणूनच ठेवायच्या अटीवर. हे राष्ट्रीय उद्यान नव्हे. ट्रेलचा शेवट या जमिनीत आहे तो पार्कच्या परवानगीनं. गर्दी आणि गोंधळ वाढल्यावर २०१४ मध्ये पार्कच्या संचालकांनी खुलं पत्र लिहून ट्रेलचा शेवट दुसरीकडे न्यावा लागेल असा इशारा दिला होता. २०१५ मध्ये ट्रेलचा वेगाचा विक्रम करणाऱ्या धावपटूनं माथ्यावर शॅम्पेन उघडली, त्याला दंड झाला. तेव्हा: बारापेक्षा मोठा गट नको, दारू नको, माथ्यावर आरडाओरडा नको. कुत्र्याला पार्कमध्ये प्रवेश नाही. सोबत असेल तर मिलिनॉकेटमधल्या श्वानगृहात आधीच सोय करावी.

एबॉलपासूनचे सोळा किलोमीटर सुंदर आहेत. नेसौडनेहंक ओढा दोनदा पाण्यातून ओलांडावा लागतो. पाणी वाढलेलं असेल तर निळ्या पट्ट्यांची वळणवाट आहे, ती घ्यावी. बिग नायगरा आणि लिटल नायगरा हे धबधबे, मग डेसी तळं. कटाडिन स्ट्रीम या पायथ्याच्या कॅम्पग्राउंडवर रेंजरकडे नोंद करून ट्रेलकरांचा परवाना घ्यायचा. तो मोफत आहे, पण त्याशिवाय वर जाता येत नाही.

दिवस ११ किंवा १२ : कटाडिन

आता राखीव दिवसाची गोष्ट. सकाळी रेंजरच्या केबिनवर हवामान आणि त्या दिवसाची स्थिती लिहिलेली असते. कधी झाडीच्या वर जाऊ नये असा सल्ला असतो, कधी वाटाच बंद असतात. बंद म्हणजे बंद. ज्याच्याकडे एक दिवस शिल्लक आहे तो ही पाटी वाचून परत झोपतो. ज्याची उद्याची बस किंवा विमान ठरलेलं आहे तो ‘जाऊन तर बघू’ म्हणतो, आणि रेंजरना शोधायला जावं लागतं ते अशांनाच. पेनॉबस्कॉट लोकांच्या कथांत या डोंगरावर पामोला राहतो: मूसचं डोकं, माणसाचं धड, गरुडाचे पंख. वादळ आणि थंडी त्याची. सप्टेंबरात वर जाऊन आलेल्याला त्याची ओळख पटते.

मोठी सॅक केबिनच्या ओट्यावर ठेवावी. छोट्या सॅका तिथे उसन्या मिळतात. त्यात तीन लिटर पाणी, दिवसभराचं खाणं, वारा-पाऊस अडवणारं जाकीट आणि विजार, लोकरीची टोपी, हातमोजे, कोरडा गरम थर, हेडलँप आणि जादा सेल. खाली ऊन असलं तरी यातलं काही कमी करू नये. पहाटे सहाच्या आत निघावं. एकंदर जाणं-येणं पावणेसतरा किलोमीटर, आठ ते बारा तास.

कटाडिन स्ट्रीमहून माथ्याकडे जाणाऱ्या हंट ट्रेलचा पहिला तास सोपा. दोन किलोमीटरवर कटाडिन स्ट्रीमचा धबधबा, इथे शेवटचं खात्रीचं पाणी. पुढे वाट दगडांच्या पायऱ्यांची होते, झाडं कमरेएवढी होतात, आणि साडेचार किलोमीटरच्या आसपास झाडी संपून हंटची सोंड सुरू होते. ही सोंड म्हणजे घराएवढ्या ग्रॅनाइटच्या शिळांची उतरंड. नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड चढलेल्याला हालचाली ओळखीच्या वाटतील, फक्त इथे दोन्ही बाजू उघड्या आहेत आणि वारा थेट अंगावर. काठ्या मिटवून सॅकला बांधाव्यात. दोन-तीन ठिकाणी कातळात लोखंडी गज ठोकलेले आहेत. पहिल्या गजापाशी बुटका माणूस अडतो: आधी हातानं गज धरून पाय डावीकडच्या खोबणीत शोधावा, गुडघा टेकवू नये. ग्रॅनाइट खरखरीत आहे, कोरडं असताना बूट चिकटून बसतो. ओलं झालं की, आणि विशेषतः काळ्या शेवाळावर, तीच पकड जाते. ढग अंगावर यायला लागला आणि शिळा ओल्या दिसू लागल्या तर परत फिरायची जागा ही सोंडच. वर पोहोचल्यावर विचार करून उपयोग नाही, कारण उतरायचं याच शिळांवरून.

‘गेटवे’ नावाच्या खिंडीतून वर आलं की एकदम सपाटी: टेबललँड. दगडांचा सडा, त्यात गवत आणि बोटभर उंचीची झुडपं. डायपेन्सियासारख्या या वनस्पती उत्तर ध्रुवाकडच्या, हिमयुगानंतर इथे उरलेल्या. कटाडिन आर्क्टिक हे फुलपाखरू तर जगात फक्त याच डोंगरावर आहे. एका बुटाखाली दबलेलं झुडूप पुन्हा उभं राहायला कित्येक वर्षं लागतात. दोन्ही बाजूंना दोरी किंवा दगडांच्या ओळी आहेत, पाऊल दगडावरच टाकावं. ढगात शिरल्यावर दगडांच्या राशीच वाट दाखवतात. पुढची रास दिसल्याशिवाय मागची सोडू नये.

थोरोच्या झऱ्यापासून माथा दीड किलोमीटर. अमेरिकी लेखक हेन्री डेव्हिड थोरो १८४६ मध्ये या डोंगरावर आला आणि ढगांमुळे माथा न गाठता परतला. झरा अनेकदा आटलेला असतो, त्यावर हिशोब ठेवू नये. शेवटचा चढ हलका, मोठ्या दगडांवरून. दुपारी बारा ही परत फिरायची वेळ ठरवून ठेवावी, माथा शंभर पावलांवर असला तरी.

माथ्यावर, म्हणजे बॅक्सटर पीकवर, लाकडी पाटी आणि दगडांची उंच रास आहे. उंची ५,२६७ फूट. पूर्ण मैल व्हायला तेरा फूट कमी. बेंटन मॅकाय यानं १९२१ मध्ये ट्रेलची कल्पना मांडली तेव्हा तिचं उत्तर टोक इथे नव्हतं. मेनचाच असलेल्या मायरन एव्हरीनं कटाडिनचा आग्रह धरला, १९३३ मध्ये इथे पहिली पाटी लावली, आणि १९३७ मध्ये सबंध ट्रेल जोडली गेली. एका खेपेत ती पूर्ण चालल्याची पहिली नोंद अर्ल शाफर याची, १९४८ मधली.

पाटीशी फोटोसाठी रांग असते. पाच-सहा महिने चालून आलेल्या माणसाला तिथे थोडा निवांत वेळ द्यावा, आपला फोटो दहा मिनिटांनी झाला तरी चालतो. पूर्वेला पामोला पीककडे जाणारी ‘नाइफ एज’ ही जेमतेम दोन किलोमीटरची धार दिसते. मोह होतो, पण ती रोअरिंग ब्रुकच्या बाजूला उतरते आणि सॅक राहते कटाडिन स्ट्रीमला. एबॉल ट्रेलही वेगळ्याच कॅम्पग्राउंडवर उतरते आणि वरच्या टप्प्यात दगड सैल आहेत. हंटनंच उतरावं.

उतरायला चढण्याइतकाच वेळ लागतो. सोंडेवर तोंड डोंगराकडे करून उतरावं, गजांपाशी एका वेळी एकच माणूस. अपघात बहुतेक याच वेळी होतात: पाय थकलेले, मन घरी पोहोचलेलं, पाणी संपलेलं. धबधब्यापाशी पाणी भरून काही खाल्लं तर शेवटचे दोन किलोमीटर नीट जातात. पंधरा ऑक्टोबरला पार्कमधला मुक्कामाचा हंगाम संपतो आणि त्याआधीच माथ्यावर बर्फ पडू शकतो, त्यामुळे सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ही आपल्यासारख्यांची शेवटची मुदत धरावी. जूनमध्ये यायचं तर काळ्या माश्यांसाठी डोक्यावरची जाळी हवी.

केबिनवर उतरल्याची नोंद करायची, उसनी सॅक परत द्यायची. पार्कमधून मिलिनॉकेटला सार्वजनिक वाहन नाही. वसतिगृहाची गाडी आधी सांगून ठेवावी, आणि ‘आज किंवा उद्या’ असंच सांगावं. पुढे मेडवेहून बँगोरला बस मिळते आणि बँगोरहून बॉस्टनला. मेडवेच्या बसचं तिकीट बाराव्या दिवसानंतरचं काढावं.